बागेसाठी निळी-जांभळी फुलझाडे: कोणती निवडावी, कुठे लावावी आणि रंग कसा टिकवावा

नर्सरीतून ‘ब्लू’ अशी चिठ्ठी लावलेले रोप हौसेने आणावे आणि महिन्याभराने त्याला चक्क जांभळी फुले यावीत, हा अनुभव बहुतेक बागकाम करणाऱ्यांना येतो. त्यात दर वेळी विकणाऱ्याची लबाडी असते असे नाही. खरा निळा रंग फुलांमध्ये मुळातच कमी आढळतो. लाल, जांभळा आणि निळा हे तिन्ही रंग ज्या अँथोसायनिन द्रव्यांपासून येतात, त्यांना निळ्याकडे वळवायला पेशीरसाचा सामू (आम्ल-अल्कपणा दाखवणारा पीएच), सोबतची इतर द्रव्ये आणि काही झाडांमध्ये धातूंचे कण असे बरेच काही जुळून यावे लागते. गोकर्णाच्या निळ्या चहात लिंबू पिळले की तो क्षणात जांभळा होतो, तेव्हा हेच घडत असते. त्यामुळे फोटो बघून निळी बाग उभी करता येत नाही. आपल्या जागेवर, आपल्या मातीत आणि आपल्या ऋतूत जो निळा टिकतो तोच निवडायचा. खालची माहिती मुख्यतः महाराष्ट्रातल्या पठारी भागातल्या आणि कोकण-गोव्यातल्या बागांसाठी आहे.

आधी नेमका रंग ठरवा

साडी घेताना आपण नुसते ‘निळी द्या’ म्हणत नाही. आकाशी, गोकर्णी, जांभळी, वांगी असे नेमके सांगतो. झाडे घेतानाही तसेच करा.

आकाशी रंग हवा तर प्लंबॅगो, म्हणजे निळा चित्रक. गर्द गोकर्णी निळा हवा तर अर्थातच गोकर्ण, आणि जमिनीलगत तोच रंग हवा तर इव्हॉल्व्ह्युलस. हा आपल्या माळरानावरच्या विष्णुक्रांतेचा भाऊबंद. नर्सरीत ‘ब्लू डेझ’ या नावाने मिळतो. निळसर जांभळा म्हणजे निळी कोरांटी, निर्गुडी, नीलमोहर, ब्लू साल्व्हिया. खरा जांभळा म्हणजे पेट्रियाची वेल, दुरांटा, अँजेलोनिया. तामणाचा रंग गुलाबीकडे झुकणारा जांभळा. कृष्णकमळात तर एकाच फुलात तीन-चार छटा एकत्र नांदतात.

रोप फुलावर असतानाच विकत घ्या. नर्सरीतल्या हिरव्या जाळीखाली रंग फसवा दिसतो, म्हणून कुंडी उचलून उघड्या उजेडात आणा आणि मग ठरवा. मोबाइलच्या फोटोत जांभळे फूल कित्येकदा स्वच्छ निळे उमटते, तेव्हा ऑनलाइन जाहिरातीतल्या फोटोवर विसंबून रोप मागवू नका.

जागेच्या चार तपासण्या

पहिली तपासणी उन्हाची. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला जागेवर ऊन आहे का ते एका सुट्टीच्या दिवशी टिपून ठेवा. सहा तासांच्या वर थेट ऊन असेल तर प्लंबॅगो, गोकर्ण, कृष्णकमळ, पेट्रिया, अँजेलोनिया, इव्हॉल्व्ह्युलस यांपैकी काहीही लावा. तीन ते पाच तास असेल तर निळी कोरांटी, टोरेनिया, ब्रनफेल्सिया. नुसता झाडाखालचा गाळीव उजेड असेल तर दशमुळी. सह्याद्रीच्या जंगलात सावलीत वाढणारे हे झुडूप हिवाळ्यात निळ्या-जांभळ्या तुऱ्यांनी भरते. नर्सरीवाले मात्र त्याच्याकडे विनाकारण दुर्लक्ष करतात.

दुसरी तपासणी निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार-पाच तासांनंतरही साचून असेल तर ती जागा पावसाळ्यात मुळे कुजवणारच. काळ्या मातीत हे हमखास होते. तिथे नऊ इंच ते फूटभर उंच वाफा करून त्यात लावा.

तिसरी तपासणी मातीतल्या चुनखडीची. वितभर खोलीवरची माती घेऊन उन्हात वाळवा, दोन चमचे वाटीत घ्या आणि तिच्यावर चमचाभर पांढरे व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले तर मातीत मोकळी चुनखडी आहे, म्हणजे सामू साडेसातच्या वर असणार. अशा मातीत गोकर्ण, निर्गुडी, दुरांटा निभावून नेतात. प्लंबॅगो आणि पेटुनियाची कोवळी पाने मात्र पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असते, पण चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही. म्हणून नुसते हिराकस (लोहाचे सल्फेट) मातीत टाकून फारसा उपयोग होत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह, लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत ही तक्रार क्वचितच येते, कारण ती माती मुळातच आम्लधर्मी असते.

चौथी तपासणी सहसा कोणी करत नाही. तुम्ही बागेत किती वाजता बसता? इव्हॉल्व्ह्युलस आणि मॉर्निंग ग्लोरीची फुले सकाळची असतात, दुपारपर्यंत मिटून जातात. नोकरीवरून संध्याकाळी सहाला घरी येणाऱ्याने ती लावली तर त्याला फुले दिसणार फक्त रविवारी. त्याने प्लंबॅगो, अँजेलोनिया, साल्व्हिया, पेटुनिया लावावीत. शिवाय तिन्हीसांजेला लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा-जांभळा जरा जास्त वेळ उजळ दिसत राहतो, त्यामुळे संध्याकाळच्या अंगणाला हे रंग खरेच शोभतात.

वर्षाचे चार भाग करा, प्रत्येकाला एक तरी झाड द्या

एकदम दहा रोपे आणली की ती सगळी एकाच मोसमात फुलतात आणि उरलेले आठ महिने बाग नुसती हिरवी राहते. म्हणून निवड ऋतूवार करा.

फेब्रुवारी ते मे हा पेट्रिया, नीलमोहर आणि तामणाचा काळ. तामण हे महाराष्ट्राचे राज्यफूल. एप्रिल-मेच्या काहिलीत त्याचे तुरे बघून डोळे निवतात. त्याला पाणी आवडते, कोकणात नदीकाठी ते आपसूक वाढते. नीलमोहर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याला कोरडा, थंड हिवाळा हवा. त्यामुळे पुण्यात तो फुलतो तसा किनारपट्टीवर फुलत नाही. दोन्ही मोठी झाडे आहेत. भिंतीपासून निदान १५ ते २० फूट जागा नसेल तर विचार सोडा, आणि बियांपासूनच्या झाडाला फुलण्यासाठी चार-पाच वर्षे तरी द्या. सह्याद्रीतली अंजनीही याच काळातली. महाबळेश्वर-माथेरानच्या रानात तिच्या फांद्यांना बिलगून येणारी गर्द निळी फुले ज्याने पाहिली तो ती विसरत नाही. तिची वाढ अतिशय सावकाश होते. घाई असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, पण ज्यांना मोठे अंगण आहे त्यांनी एक तरी लावावी.

जून ते सप्टेंबर गोकर्ण, कृष्णकमळ, टोरेनिया आणि जांभळा तेरडा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते फुलापुरते. झाड दोन-अडीच महिने फुलत राहते आणि गौरींच्या वेळी भरात असते. बी मेच्या शेवटच्या आठवड्यात टाका.

ऑक्टोबर ते डिसेंबर निळी कोरांटी. या काळात तिच्याइतके भरभरून फुलणारे आणि तिच्याइतके कमी मागणारे दुसरे झुडूप नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी हंगामी फुले आणि दशमुळी. प्लंबॅगो, दुरांटा आणि अँजेलोनिया हे तिघे थोडी विश्रांती घेत जवळजवळ वर्षभर साथ देतात, म्हणून बागेचा कणा यांचाच करा.

गोकर्ण: बी ते फूल

बियांचे कवच टणक असते. प्रत्येक बी पॉलिश पेपरवर एका बाजूने दोन-तीनदा घासा, कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी जी फुगली नाहीत ती पुन्हा घासा. अर्धा इंच खोल पेरा. पावसाळ्याच्या तोंडावर पेरले तर आठवड्या-दीड आठवड्यात कोंब येतो. बारा इंची कुंडीत दोनच वेली ठेवा. पाच-सहा लावल्या तर पाने दाटतात आणि फुले घटतात.

वेल वीतभर झाली की शेंडा खुडा म्हणजे तीन-चार फुटवे येतात. आधाराला पाच-सहा फुटी काठी किंवा जाळी रोपाबरोबरच लावा. वेल वाढल्यावर काठी खुपसली की मुळे तुटतात. पेरल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत फूल दिसते.

नुसती पाने आणि फूल नाही, अशी तक्रार आली तर बहुधा खत जास्त झालेले असते. गोकर्ण शेंगवर्गीय आहे, मुळांवरच्या गाठींत स्वतःचे नत्र स्वतः तयार करते. त्याला युरिया देऊ नका, शेणखतही कुंडीला दोन मुठी पुरे. दुसरे कारण शेंगा. शेंग धरली की वेल बी पोसायला लागते. बियांसाठी दोन-चार शेंगा ठेवून बाकीच्या कोवळ्या असतानाच खुडा. एप्रिल-मेत पाने राखाडी, ठिपकेदार दिसू लागली आणि मागे बारीक जाळे असेल तर तो लाल कोळी. पानांच्या मागच्या बाजूवर सकाळी जोराने पाणी मारा, लागोपाठ चार-पाच दिवस.

कृष्णकमळ

बाहेरच्या पाकळ्या, आत तंतूंचे वलय म्हणजे शंभर कौरव, पाच पुंकेसर म्हणजे पांडव आणि वर तीन कुक्षी म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, अशी या फुलाची ओळख आपल्याकडे घराघरांत करून दिली जाते. फूल एकच दिवस टिकते, म्हणून रोज फुलेल इतकी नवी वाढ हाती असणे हे या वेलीचे सगळे गणित आहे.

जून-जुलैत पेन्सिलीच्या जाडीची, तीन डोळ्यांची फांदी घ्या. खालची पाने काढा, दोन डोळे मातीत जातील अशी लावा. महिन्या-सव्वा महिन्यात मुळे धरतात. वेल जोमाची आहे. कुंडी निदान १६ इंची हवी आणि आधार गच्चीच्या कठड्यासारखा भक्कम. फुले नव्या फुटीवर येतात, तेव्हा फेब्रुवारीच्या मध्याला निम्मी वेल छाटा आणि कुंडीत दोन ओंजळी गांडूळखत द्या.

पावसाळ्यात पाने एका आठवड्यात फस्त होताना दिसली तर बारीक काटेरी अंगाच्या तपकिरी-लालसर अळ्या शोधा. त्या नारिंगी, काळ्या ठिपक्यांच्या टॉनी कोस्टर फुलपाखराच्या आहेत. औषध मारायची घाई करू नका. अळ्या असलेल्या फांद्या वेलीच्या एका कोपऱ्यात वळवून तो कोपरा त्यांना सोडा. धष्टपुष्ट वेल पंधरा दिवसांत पुन्हा भरते. वेल लहान असेल तर मात्र अळ्या हाताने उचला.

प्लंबॅगो आणि निळी कोरांटी

दोन्हींची छाटणी चुकते आणि मग झाड फुलत नाही असे म्हटले जाते. प्लंबॅगो नव्या फांदीच्या टोकाला फुलतो. फुलांचा एक बहर संपला की टोके एक तृतीयांश कापा, पाच-सहा आठवड्यांत पुढचा बहर येतो. फेब्रुवारीत एकदा निम्म्यावर आणा. कोरांटीचे उलट. तिला मार्चमध्ये फूटभर उंचीवर छाटा, जुलैत फक्त शेंडे खुडा, आणि ऑगस्ट लागला की कात्री तिच्याकडे नेऊ नका. सप्टेंबरात नीटनेटकी कापलेली कोरांटी ऑक्टोबरात हिरवीच राहते.

प्लंबॅगोच्या कळ्या कुरतडलेल्या दिसल्या तर ते झेब्रा ब्लू या चिमुकल्या फुलपाखराच्या अळ्यांचे काम. नुकसान किरकोळ असते, तसेच राहू द्या.

हायड्रेंजिया निळा ठेवायचा असेल तर

महाबळेश्वरहून निळ्या गोळ्याचा हायड्रेंजिया आणला आणि पुढच्या वर्षी पुण्यात तो गुलाबी फुलला, हे नेहमीचेच दुखणे. त्याच्या निळेपणाला ॲल्युमिनियम लागते, आणि ते आम्लधर्मी मातीतच मुळांना मिळते. सामू साडेपाचच्या खाली तर निळा, साडेसहाच्या वर तर गुलाबी, मध्ये जांभळट. महाबळेश्वरची लाल माती आम्लधर्मी. पुण्याची काळी माती आणि बोअरचे जड पाणी दोन्ही त्याच्या विरुद्ध.

तेव्हा जमिनीत नकोच, १२ ते १४ इंची कुंडीत लावा. चुनखडी नसलेली लाल माती दोन भाग, कोकोपीट दोन भाग, पानांचे कुजलेले खत एक भाग. हाडांचा चुरा, सुपर फॉस्फेट, डीएपी अजिबात घालू नका, कारण त्यांतला स्फुरद (फॉस्फरस) ॲल्युमिनियमला बांधून टाकतो. कळ्यांना रंग चढण्याच्या निदान दोन महिने आधीपासून दर पंधरा दिवसांनी लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट विरघळवून द्या. ते मिळाले नाही तर किराणा दुकानातली तुरटी कुटून ५ ग्रॅम घ्या. आधी साध्या पाण्याने माती ओली करा आणि मगच हे पाणी घाला. कोरड्या मातीत घातले तर मुळे भाजतात, पानांच्या कडा करपतात. पिंपात साठवलेले पावसाचे पाणी याच झाडासाठी राखून ठेवा. रंग पालटायला पूर्ण मोसम लागतो, आणि पांढऱ्या जाती यातल्या कशानेही निळ्या होत नाहीत.

फूलच येत नसेल तर कारण वेगळे आहे. कळ्या धरायला रात्रीचे तापमान १८ अंशांखाली असलेले काही आठवडे लागतात, आणि त्या कळ्या आदल्या वर्षीच्या फांद्यांवर असतात. हिवाळ्यात छाटणी केली म्हणजे फुलेच कापली. छाटायचे ते फुले सुकताच. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर याचा नाद सोडलेला बरा. तिथली माती योग्य, पण रात्री पुरेशा गार होत नाहीत.

हिवाळी हंगामी फुले

ब्लू साल्व्हिया, पेटुनिया आणि अ‍ॅस्टरचे बी सप्टेंबरच्या उत्तरार्धात ट्रेमध्ये टाका. पेटुनियाचे बी धुळीसारखे बारीक. ते मातीने झाकू नका, त्याला रुजायला उजेड लागतो. साल्व्हिया रुजल्यापासून फुलेपर्यंत तीन महिने घेते, त्यामुळे दिवाळीनंतर पेरणारे फेब्रुवारीपर्यंत वाट बघत बसतात. लार्कस्पर आणि कॉर्नफ्लॉवरची रोपे हलवलेली चालत नाहीत. त्यांचे बी ऑक्टोबरच्या शेवटी, रात्री गार होऊ लागल्यावर, थेट वाफ्यात पेरा. लार्कस्परचे बी आधी आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवले तर उगवण सुधारते. घरात लहान मूल असेल तर लार्कस्पर टाळा, तो विषारी आहे.

अ‍ॅस्टर सर्वांत सोपे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘फुले गणेश व्हायोलेट’ आणि ‘फुले गणेश पर्पल’ या जाती आपल्या हवेसाठीच काढलेल्या आहेत. रोपांत एक फूट अंतर ठेवा. एकाच वाफ्यात दरवर्षी लावले तर मर रोग येतो, झाड एका बाजूने कोमेजून बसते. त्या वाफ्याला तीन वर्षे अ‍ॅस्टर दाखवू नका.

ज्यावर पैसे घालवू नयेत

लॅव्हेंडर आपल्या पावसाळ्यात तग धरत नाही. दमट हवा आणि ओल्या मुळांनी ऑगस्टपर्यंत जाते. तसा देखावा हवा तर ब्लू साल्व्हिया आणि अँजेलोनिया दाट लावा. विस्टेरियाच्या वेलीला आपली थंडी पुरत नाही. त्याजागी पेट्रिया, आणि तो काही तडजोडीचा पर्याय नव्हे, पूर्ण बहरातला पेट्रिया कुणापुढेही उणा ठरत नाही. निळ्या गुलाबाच्या बियांची पाकिटे म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. गुलाबात निळ्यासाठी लागणारे डेल्फिनिडिन द्रव्य नसते. जपानमध्ये जनुकीय बदल करून २००९ मध्ये बाजारात आणलेला ‘निळा’ गुलाबही प्रत्यक्षात फिकट जांभळा आहे. निळे ऑर्किड बहुधा रंग पाजलेले असते, पुढचे फूल पांढरे येते.

जलपर्णीचे फूल सुंदर असले तरी ती घरच्या टाक्यातसुद्धा आणू नका. तिने आपल्या नद्या-तळ्यांचे काय केले आहे ते समोर आहे. मोठा निळा थनबर्जिया छोट्या अंगणात इतर झाडे गुदमरवतो. रुएलिया फटीफटीतून उगवतो, लावायचाच तर बुटकी जात कुंडीत. दुरांट्याची पिवळी फळे विषारी आहेत, ब्रनफेल्सिया कुत्र्यांना घातक आहे. आणि कास पठारावरून किंवा घाटातून रोप उपटून आणू नये. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलून मरते. तिला तिच्या डोंगरावरच भेटायला जावे.

लावणी: दहा फूट बाय तीन फुटांचा वाफा

जांभळा रंग दुरून हिरव्यात विरून जातो. वीस फुटांवरून बघितले की गर्द जांभळे फूल सावलीसारखे दिसते. म्हणून गर्द छटा वाटेलगत, फिकट छटा मागे, आणि मधूनमधून पांढरे किंवा फिकट पिवळे फूल हवेच. एकेक रोप विखरून लावू नका. एकाच जातीची पाच-सात एकत्र लावली तरच रंगाचा पट्टा दिसतो.

मागच्या रांगेत तीन-तीन फुटांवर ३ प्लंबॅगो. मधे फूटभर अंतरावर ६ अँजेलोनिया आणि त्यांच्यात ३ पांढऱ्या सदाफुली. पुढे कडेला ८ इव्हॉल्व्ह्युलस. प्लंबॅगोसाठी खड्डा फूटभर लांब, रुंद आणि खोल. निघालेल्या मातीत एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळून भरा. शेणखत हाताला गरम लागले किंवा वास आला तर ते कच्चे आहे, हुमणी (मुळे खाणारी अळी) घेऊन येईल.

कुंड्यांसाठी मिश्रण घमेल्याने मोजा. चार घमेली लाल किंवा पोयट्याची माती, तीन शेणखत, दोन कोकोपीट, एक जाड वाळू. कोकणात किंवा जिथे पाऊस सलग लागतो तिथे कोकोपीट एकच घमेले घ्या आणि वाळू दोन. लावणी जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर, ढगाळ दिवशी, दुपार उलटल्यावर करा. पिशवी कापून काढा, मुळांचा गोळा फुटू देऊ नका, आणि रोप पिशवीत ज्या खोलीवर होते त्याच खोलीवर बसवा. बुंध्याशी माती चढली तर पावसाळ्यात खोड तिथूनच कुजायला लागते.